दमानं लढणारा किल्ला

दोस्तांनो, एक गंमत करून बघा. घरात सोलापुरी चादर असेलच. एक नको, चांगल्या चार घ्या. अंगाभोवती गुंडाळा, कमरेला घट्ट दोरी बांधा आणि अंगणात उभे राहा. आता धाकट्या भावाला सांगा, “मार मला चेंडू!” चेंडू लागेल, पण दुखणार नाही. भाऊ चिडेल, आणखी जोरात मारेल, तरी तुम्हाला काही होणार नाही. मात्र चेंडू चुकवायला म्हणून उडी मारायला गेलात, की पाय अडकून साष्टांग नमस्कार घडलाच म्हणून समजा!

अंगावर संरक्षण जितकं जास्त, तितका पाय जड. मग जड माणसानं लढायचंच नाही का? लढायचं तर कसं? हा प्रश्न आमच्या घरात एका कॉम्प्युटर गेममुळे आला, आणि त्याचं उत्तर शोधायला आम्ही थेट सोलापूर गाठलं. ती हकिगत आज तुम्हाला सांगतो.

माझा भाचा बारावीत आहे. अंगानं दणकट, चालायला सावकाश. शाळेत पळण्याच्या शर्यतीत तो नेहमी शेवटून पहिला. मुलं त्याला ‘रोडरोलर’ म्हणायची. तो हसण्यावारी न्यायचा, पण शर्यतीच्या दिवशी हमखास त्याचं पोट दुखायचं.

तर या भाच्याला ‘एल्डन रिंग’ नावाच्या खेळाचं वेड लागलं. हा जपानी खेळ २०२२ साली आला. राक्षस, ड्रॅगन, पडके किल्ले असं सगळं त्यात आहे. खेळ मोठ्या मुलांसाठीचा आहे आणि भलताच अवघड आहे, तेव्हा लहानांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यात आपला लढवय्या आपणच घडवायचा असतो. भाच्यानं घडवलेला गडी म्हणजे चालता-बोलता लोखंडाचा कारखाना! डोक्यावर शिरस्त्राण, अंगभर पोलादी चिलखत, डाव्या हातात दाराएवढी ढाल आणि उजव्या हातात ओंडक्यासारखी गदा.

आता या खेळात एक मेख आहे. प्रत्येक लढवय्याला किती भार पेलवेल, हे ठरलेलं असतं. अंगावरचं ओझं त्या भाराच्या ३० टक्क्यांच्या आत असेल, तर तो माकडासारखी चपळ कोलांटी मारून वार चुकवतो. ३० ते ७० टक्के असेल, तर कोलांटी जरा मंद, पण चालण्याजोगी. ७० च्या वर गेलं, की गडी गव्हाच्या पोत्यासारखा धप्पकन लोळतो आणि उठेपर्यंत दुसरा वार बसतो. १०० च्या वर गेलात, तर कोलांटी विसराच!

भाच्याच्या गड्याचं ओझं होतं ८८ टक्के. एकाच राक्षसानं त्याला तेवीस वेळा लोळवलं होतं. चोविसाव्या वेळी भाच्यानं कंट्रोलर बाजूला टाकला आणि म्हणाला, “मामा, याला पुसूनच टाकतो. जड माणूस काही कामाचा नसतो. आता एक काटकुळा, चपळ चोर घेतो.”

‘जड माणूस काही कामाचा नसतो’ हे तो फक्त खेळाबद्दल बोलत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. मला कामासाठी सोलापूरला जायचंच होतं. डिसेंबरची सुट्टी होती. मी म्हटलं, “दोन दिवस पुसू नकोस. माझ्याबरोबर चल. तुझ्या गड्याचा खापरपणजोबा तिथं उभा आहे, त्याला भेटू.”

सकाळी रिक्षावाल्याला विचारलं, “किल्ल्याकडे येणार का?” तो म्हणाला, “किल्ला का? बसा की. पण आत जाऊन काय करणार? नुसती दगडं हैत.” भाच्यानं माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं!

सोलापूरचा किल्ला ‘भुईकोट’ आहे. म्हणजे डोंगरावरचा नव्हे, सपाट भुईवरचा. राजगड, तोरणा यांना डोंगर हेच चिलखत. शत्रू वर चढेपर्यंतच अर्धमेला होतो. भुईकोटाला असा डोंगर कुठून मिळणार? त्यानं आपलं चिलखत आपणच अंगावर चढवायचं.

हे काम बहमनी राजवटीत झालं आणि पुढच्या राजवटींनी त्यात भर घातली. तटाजवळ जाऊन नीट पाहिलंत, तर दगडांमध्ये मधूनच एखादा नक्षीदार दगड दिसतो. जुन्या देवळांचे दगड इथं वापरले गेले आहेत. १८८४ सालच्या सोलापूरच्या गॅझेटियरमध्ये किल्ल्याची मापं दिली आहेत. ती ऐका आणि मनात चित्र काढा.

पहिलं चिलखत पाण्याचं. तीन बाजूंना खंदक, रुंदी १०० ते १५० फूट आणि खोली १५ ते ३० फूट. चौथ्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला खंदक नाही. तिथं सिद्धेश्वर तलावच आहे! दुसरं चिलखत बाहेरच्या तटाचं. खंदकाच्या काठापासून वीस-तीस फूट उंच, त्याला चार कोपऱ्यांवर चार आणि मध्ये तेवीस बुरूज. मग दहा ते वीस यार्डांची मोकळी जागा. आणि मग तिसरं चिलखत, आतला तट. तो बाहेरच्या तटापेक्षा पाच-दहा फूट जास्त उंच.

“आतला तट उंच का?” मी विचारलं.

भाच्यानं दोन्ही तटांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग म्हणाला, “कारण दोन्हीवरचे लोक एकदम मारा करू शकतील. पुढच्या रांगेत बुटकी मुलं, मागच्या रांगेत उंच. वर्गाच्या फोटोसारखं!”

“शाबास! आणि बाहेरचा तट फोडून कुणी आत आलाच तर?”

“तर तो या मधल्या जागेत सापडणार. पुढं उंच भिंत, मागं खंदक.” तो थोडा वेळ गप्प राहिला. “मामा, म्हणजे हा किल्ला वार चुकवतच नाही. तो वार अंगावर घेतो. पण वार करणारा कुठं उभा राहील, हे यानं आधीच ठरवून ठेवलंय.”

मी काहीच बोललो नाही. माझ्या मनातलं तोच बोलला होता.

आत बत्तीस खांबांची जुनी इमारत आहे. तिच्याजवळ बसून आम्ही डबा उघडला. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. (सोलापूरची कडक भाकरी हेसुद्धा एक चिलखतच आहे, पण ते खाता येतं!) जेवताना मी भाच्याला एक वरातीची गोष्ट सांगितली.

१५२४ साली अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा आणि विजापूरचा इस्माईल आदिलशहा इथं सोलापुरात भेटले. इस्माईलच्या बहिणीचं बुऱ्हाणशी लग्न लागलं. तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण द्यायचं कबूल झालं होतं म्हणे. लग्न झालं, पण किल्ला काही मिळाला नाही. झालं! दुसऱ्याच वर्षी लढाई जुंपली आणि पुढं चाळीस वर्षं हा किल्ला म्हणजे दोन घरांमधलं भांडणाचं कारण होऊन बसला. शेवटी अहमदनगरच्या चांदबिबीचं विजापूरच्या अली आदिलशहाशी लग्न झालं, तेव्हा पुन्हा हाच किल्ला आंदणात दिला गेला. जागचा तसूभरही न हलता हा पठ्ठ्या दोन-दोन लग्नांच्या यादीत जाऊन आला!

“म्हणजे जड असून याला मागणी होती,” भाचा म्हणाला.

“होती तर! ज्याच्या हातात हा किल्ला, त्याच्या हातात आजूबाजूचा मुलूख. कारण हा पळून जात नाही.”

इथं तुमच्या मनात एक शंका येईल. किल्ल्याचं ठीक आहे, पण चिलखत घातलेल्या माणसाचं काय? तो खरंच पोत्यासारखा लोळायचा का? तर नाही. आपल्याकडचं बारीक लोखंडी कड्यांचं चिलखत साधारण दहा-बारा किलोचं असे. युरोपातल्या सरदारांचं नखशिखांत पोलादी चिलखत २० ते २५ किलोंचं. पण ते अंगाबरोबर बेतलेलं असे, त्यामुळे ते घालून माणूस धावू शके, घोड्यावरही चढू शके. खरी अडचण निराळीच होती, ती म्हणजे दमाची. २०११ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी असं चिलखत घातलेल्या माणसांना चालत्या पट्ट्यावर चालवलं आणि पळवलं. साध्या कपड्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट शक्ती खर्च झाली! एक तर पायांवरचे पत्रे प्रत्येक पावलाला उचलावे लागत आणि दुसरं म्हणजे छातीवरच्या पत्र्यामुळे मोकळा श्वास घेता येत नसे.

ध्यानात आलं ना? चिलखतवाल्याची शक्ती वारांनी जात नाही, पावलांनी जाते. म्हणून त्यानं एकेक पाऊल मोजून टाकायचं असतं. शत्रूच्या मागं धावत सुटायचं नसतं.

आणि धावत सुटला तर काय होतं? ते पाहायला दुसऱ्या दिवशी आम्ही मंगळवेढ्याची एस. टी. पकडली आणि माचणूरला उतरलो. सोलापूरपासून हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. भीमा नदीचा विस्तीर्ण काठ, सिद्धेश्वराचं देऊळ आणि शेजारी औरंगजेबानं १६९५ साली बांधलेला, आता पडझड झालेला किल्ला. नदीचं पाणी, घाटाच्या पायऱ्या, पाणकोंबड्या. इतकी शांत जागा, की इथं कधी लाखांची वर्दळ होती हे सांगूनही पटू नये.

१६९५ ते १६९९ अशी चार वर्षं औरंगजेबाची मुख्य छावणी इथं, ब्रह्मपुरीला होती. छावणी म्हणजे दहा-वीस तंबू समजू नका. ती इथं येण्याच्या थोडं आधी, गलगल्याला असताना, जेमेली करेरी नावाच्या इटालियन प्रवाशानं ती पाहिली होती. त्यानं लिहिलं आहे, की छावणीचा घेर तीस मैल होता आणि तिच्यात अडीचशे बाजार होते! ती छावणी कसली, चालतं शहरच. हत्ती, तोफा, बैलगाड्या, जनानखाना, दुकानदार, हलवाई. हे शहर हलवायचं म्हटलं, की नदीला उतार आहे का, चारा मिळेल का, इथपासून प्रश्न सुरू.

आणि समोर कोण? संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. घोडा, भाला आणि खोगिराला बांधलेली भाकरी. आज इथं, तर उद्या पन्नास मैलांवर.

१६९५ च्या नोव्हेंबरात कर्नाटकात दोड्डेरीजवळ कासिमखान या मोगल सरदाराची काय गत झाली, ते पाहा. त्याच्या लवाजम्याचे भारी तंबू आणि सामान पुढच्या मुक्कामाला आधीच रवाना झालं होतं. संताजीनं आपल्या फौजेचे तीन भाग केले. एकानं ते सामान लुटलं, दुसऱ्यानं धावून आलेल्या मोगलांना तोंड दिलं, तिसरा राखीव ठेवला. कासिमखानाची फौज कशीबशी दोड्डेरीच्या गढीत शिरली. आत तट होता, पण दाणापाणी नव्हतं. काही दिवसांत उपासमारीनं फौज शरण आली आणि खान गढीतच मेला.

“म्हणजे त्यांचं ओझं १०० टक्क्यांच्या वर होतं,” भाचा पुटपुटला.

खुद्द बादशहालाही या जडपणाचा फटका बसला. १ ऑक्टोबर १७०० च्या रात्री छावणी याच जिल्ह्यात, माण नदीकाठी खवासपूरला होती. अचानक पूर आला. एवढी मोठी छावणी अंधारात हलवणार कशी? तंबू, जनावरं, माणसं वाहून गेली. गडबडीत औरंगजेबाचा पाय घसरला आणि गुडघा निखळला. तो पुढं जन्मभर लंगडत चालला.

सोलापूरचा भुईकोट जड, बादशहाची छावणीही जड. मग फरक कशात? भुईकोटाला ठाऊक होतं, की आपण जड आहोत. म्हणून त्यानं पाण्याचा आधार घेतला आणि शत्रूला आपल्याकडे येऊ दिलं. छावणी मात्र जड असून हलक्यांचा पाठलाग करत राहिली.

परतीच्या वाटेवर एस. टी. तिऱ्ह्याजवळ सीना नदीच्या पुलावर आली. भाचा खिडकीतून पाण्याकडे बघत म्हणाला, “मग मी बरोबरच सांगत होतो. हलकं असणंच बरं.”

त्याला वाटलं, वाद संपला. पण ही सीना नदी दुसरीच गोष्ट सांगत होती.

१८१८ सालचा उन्हाळा. इंग्रज दुसऱ्या बाजीरावाच्या पाठीवर होते. २० फेब्रुवारीला याच जिल्ह्यातल्या आष्टीला लढाई झाली आणि सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले. बाजीराव घोडेस्वारांसह निसटला. जोरात पळायचं, तर पायदळ आणि तोफा बरोबर कशा नेणार? ती जड फौज सोलापूरला मागं राहिली. हलका पुढं पळाला आणि जड मागं एकटा उरला.

मे महिन्यात थॉमस मन्रो सोलापूरवर चालून आला. १० मे रोजी त्यानं शहराची पेठ शिड्या लावून घेतली. किल्ल्याबाहेर असलेली पेशव्यांची फौज माघार घेऊ लागली. पण मोकळ्या मैदानात पायदळ किती पळणार? इंग्रजांच्या घोडदळानं सीना नदीपर्यंत तिचा पाठलाग केला आणि ती उधळून लावली. मग इंग्रजांच्या तोफा किल्ल्याकडे वळल्या. बाहेरच्या तटाला भगदाड पडलं. मदतीला येणारं कुणीच नव्हतं. १५ मे रोजी किल्ला शरण गेला. आणि पुढं पळालेला बाजीराव? जूनमध्ये त्यानंही इंग्रजांसमोर हात टेकले.

“हलकं असून तो वाचला का?” मी विचारलं.

भाच्यानं मान हलवली.

“मन्रोपाशी तट फोडायला जड तोफा होत्या आणि पाठलागाला चपळ घोडेस्वारही. त्यानं तोफांना पळायला सांगितलं नाही आणि घोड्यांना तटावर धडका मारायला सांगितल्या नाहीत. ज्याचं काम त्यानंच केलं. पेशव्यांच्या बाजूला दोघांची ताटातूट झाली.”

संध्याकाळी आम्ही सोलापुरात परतलो, तर एका गल्लीत गर्दी दिसली. जानेवारीत संक्रांतीला इथं सिद्धेश्वराची मोठी यात्रा भरते, तिला ‘गड्डा’ म्हणतात. यात्रेत सात नंदीध्वज निघतात. नंदीध्वज म्हणजे उंचच उंच, जड काठ्या. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त त्या पेलत अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. त्याचा सराव कितीतरी दिवस आधी सुरू होतो. तोच चालला होता.

एका दणकट तरुणानं काठी पेलली होती. तो पळत नव्हता, घाईही करत नव्हता. पाऊल टाकायचं, तोल सावरायचा, श्वास घ्यायचा, मग दुसरं पाऊल. भोवतीचे चार-पाच जण हात पुढं करून तयार होते. काठी जरा कलली, की आधार. तो थकला, की दुसऱ्यानं पुढं येऊन भार घेतला. ‘लवकर चल’ असं त्याला कुणीही म्हणत नव्हतं.

भाचा बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मामा, हे काम आमच्या वर्गातल्या पळणाऱ्या पोरांना नाही जमायचं.”

“नाही जमायचं,” मी म्हटलं. बस्स, एवढंच आमचं बोलणं झालं.

घरी आल्यावर त्यानं आपला गडी पुसला नाही. पण तीन गोष्टी बदलल्या. पहिली, नवे गुण मिळाले ते आधी भार पेलण्याच्या ताकदीत घातले, आणि खांद्यावरचं, हातांवरचं शोभेचं लोखंड उतरवलं. ओझं आलं ६९ टक्क्यांवर. दुसरी, राक्षसाच्या मागं धावणं बंद. एक जागा धरून उभं राहायचं आणि त्याला येऊ द्यायचं. तिसरी, दरवेळी कोलांटी नाही. वार ढालीवर घ्यायचा, आणि वार करून तो सावरतोय तोवर गदेचा एकच टोला हाणायचा. एकच! दुसऱ्या टोल्याचा मोह धरला, की दम संपतो आणि ढाल खाली येते.

त्या रात्री तो जिंकला का? नाही. आणखी नऊ वेळा हरला. पण आता हरल्यावर कंट्रोलर फेकत नव्हता. “दुसरा टोला मारायला गेलो ना, म्हणून,” असं स्वतःशीच बोलायचा. दहाव्या वेळी राक्षस कोसळला, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि त्याच्या आरोळीनं सगळी चाळ जागी झाली. त्याबद्दल आम्ही दोघांनी त्याच्या आईची बोलणी खाल्ली!

तेव्हा दोस्तांनो, सोलापूरला जाल तेव्हा किल्ला जरूर पाहा. रिक्षावाला म्हणेल, “नुसती दगडं हैत.” तुम्ही त्या दोन तटांच्या मध्ये उभे राहा, आतल्या तटाची उंची बघा आणि शत्रू कुठून येईल याचा विचार करा. मग ती दगडं बोलू लागतील. आणि येताना चादर आणायला विसरू नका.

पण एकच आणा. चार गुंडाळून काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच!